सतरा सी खिशात ठेवा: ईव्हीएमचा कागदी हिशेब बूथवर बसणाऱ्याने कसा जुळवायचा

मी शाळामास्तर. नोकरीत असताना निवडणूक लागली की केंद्राध्यक्षाची ऑर्डर ठरलेली. एकदा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मतदान संपलं, यंत्रं सील झाली आणि मी नियमाप्रमाणे मतांच्या हिशेबाची प्रत, म्हणजे नमुना १७ सी, हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना सह्या घेऊन दिली. अर्ध्या तासाने पेट्या गाडीत चढवताना बघतो तर त्यातला एक पोरगा कट्ट्यावर बसून भजी खातोय आणि भज्यांखाली माझी सही. तेलात भिजलेली. म्हटलं, "अरे, हा कागद जपायचा असतो." तो म्हणाला, "आकडा पाठ आहे की वो सर. सातशे अठ्ठावीस."

आकडा बरोबर होता. पण मोजणीच्या टेबलावर पाठ आकड्याला कोणी विचारत नाही.

ईव्हीएमवर भरवसा असणारे आणि नसणारे, दोन्हीकडची माणसं निकालानंतर तावातावाने बोलतात आणि दोघांचेही हात रिकामे असतात. यंत्राच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, हे खरंच. म्हणूनच बाहेरच्या कागदांची एक साखळी कायद्याने बांधून दिली आहे. ती पहाटे साडेपाचला सुरू होते आणि तिची निम्मी कामं सरकारी माणसं करत नाहीत, बाकावर बसलेल्या प्रतिनिधीने करायची असतात. आता निवृत्त झाल्यावर कुठल्याही पक्षाची पोरं विचारायला आली की मी हेच सांगत बसतो. तेच इथे लिहून काढलं आहे.

आधी कागद ओळखा

केंद्रावर यंत्रं तीन. बॅलेट युनिटवर मतदार बटण दाबतो. व्हीव्हीपॅटमध्ये चिठ्ठी छापली जाते. कंट्रोल युनिट अधिकाऱ्यासमोर असतं आणि मतं त्यात साठतात. बनवणाऱ्या कंपन्या दोन, दोन्ही सरकारी: बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल.

कागद मात्र तीनपेक्षा जास्त. १७ ए ही मतदारांची नोंदवही. त्यात प्रत्येकाची सही किंवा अंगठा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी म्हणजे उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह. ती काचेमागे ७ सेकंद दिसते आणि खालच्या बंद पेटीत पडते, मतदाराच्या हातात येत नाही. अभिरूप मतदानाचं, म्हणजे आपल्या बोलीतल्या मॉक पोलचं, प्रमाणपत्र असतं. सीलांचे क्रमांक असतात. आणि १७ सी. त्याचा भाग १ मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्ष भरतो, भाग २ मोजणीच्या दिवशी भरला जातो. हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक जुळला नाही तर कुठे गडबड झाली ते त्यावरूनच कळतं.

चिठ्ठ्यांचा इतिहास फार जुना नाही. नियमात बदल झाला ऑगस्ट २०१३ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात नागालँडच्या नोक्सेन मतदारसंघात व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं गेलं. २०१९ च्या लोकसभेला देशातल्या सगळ्या केंद्रांवर ते आलं.

मतदानाच्या आधीचे दिवस

हा भाग उमेदवाराच्या कार्यालयातल्या माणसाने सांभाळायचा, बूथवरच्या पोराचं हे काम नाही. जिल्ह्यात प्रथमस्तरीय तपासणी होते, तेव्हा कंपनीचे इंजिनिअर यंत्रं तपासतात आणि पक्षांना बोलावणं असतं. तिथे ५ टक्के यंत्रांवर मोठं अभिरूप मतदान होतं, काही यंत्रांवर तर १,२०० मतांपर्यंत. मग संगणकावर दोनदा सरमिसळ होते. पहिलीत कुठलं यंत्र कुठल्या विधानसभेला जाणार ते ठरतं. उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर दुसरी होते आणि कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार ते ठरतं. या दुसऱ्या सरमिसळीची अनुक्रमांकासह यादी उमेदवारांना मिळते. ही यादी घ्याच. बूथवर येणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला आपल्या केंद्राच्या तिन्ही यंत्रांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. पुढच्या सगळ्या तपासणीचा पाया तोच आहे.

यंत्रं तयार करताना व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरली जातात. त्यासाठी सिंबल लोडिंग युनिट नावाचं एक वेगळं उपकरण असतं. या कामाला आपला माणूस हजर ठेवा. बहुतेक उमेदवार या दिवशी प्रचारफेरीत असतात आणि गोदामात पाठवतात कोणातरी भाच्याला. भाचा चहा पिऊन परत येतो.

पहाटे साडेपाच

महाराष्ट्रात मतदान साधारण सकाळी ७ ला सुरू होतं आणि अभिरूप मतदान त्याच्या दीड तास आधी. म्हणजे साडेपाचला तुम्ही केंद्रात पाहिजे. प्रतिनिधी आले नाहीत तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं वाट बघतो आणि सुरू करतो. माझ्या अनुभवात साडेपाचला दोन जण येतात, पावणेसातला सात. पाच जणांनी दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास झोपेत घालवलेला असतो.

आत मोबाईल चालत नाही, तेव्हा एक वही आणि दोन पेन आणा. वहीच्या पहिल्या पानावर कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट आणि व्हीव्हीपॅटचे क्रमांक लिहा आणि आणलेल्या यादीशी ताडून बघा. कंट्रोल युनिटवरची वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ, दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा. यंत्राचं घड्याळ पाच-सात मिनिटं पुढेमागे असलं तर घाबरायचं कारण नाही. फरक नोंदलेला असला की झालं.

अभिरूप मतदानात किमान ५० मतं टाकायची, आणि प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला किमान एक. बटणं प्रतिनिधींनीच दाबायची. इथे एक गोष्ट लक्ष देऊन करा. कोण कुठलं बटण दाबतोय ते मोठ्याने सांगायचं आणि एकाने कागदावर उमेदवारांची नावं लिहून पुढे रेघा मारत जायच्या, पाचव्या रेघेला आडवी काट. किराणा दुकानात पोती मोजतात तसं. हा हाताने केलेला हिशेब नसेल तर यंत्राचा निकाल कशाशी जुळवणार?

मग केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवर क्लोज दाबतो, रिझल्ट दाबतो, आकडे दिसतात. तुमच्या रेघांशी जुळवा. त्यानंतर व्हीव्हीपॅटची पेटी उघडून चिठ्ठ्या मोजायच्या. तीन आकडे एक आले पाहिजेत: रेघा, यंत्र, चिठ्ठ्या.

पुढचं पाऊल चुकलं तर अख्ख्या मतदारसंघात बोंब होते. रिझल्टनंतर क्लिअर दाबून अभिरूप मतं पुसायची. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. निवडणुकीच्या ट्रेनिंगमध्ये हे सीआरसी म्हणून पोरांच्या पाढ्यासारखं घोकून घेतात, तरी गडबडीत विसरायला होतं. विसरलं तर संध्याकाळी यंत्रात ५० मतं जास्त निघतात. काल्पनिक भीती नाही ही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी व्हीव्हीपॅटच्या प्रकरणात निकाल दिला, त्यात चिठ्ठ्या आणि यंत्र न जुळल्याचं एक उदाहरण नोंदलं आहे. आंध्र प्रदेशातल्या मैदुकूर मतदारसंघाचं ६३ नंबरचं केंद्र, वर्ष २०१९. कारण हेच, अभिरूप मतदानाची मतं पुसली गेली नव्हती.

तेव्हा क्लिअर झाल्यावर केंद्राध्यक्षाला टोटल दाबायला सांगा आणि शून्य डोळ्यांनी बघा. त्याला राग येणार नाही. आला तर येऊ दे. अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या पेटीतून काढल्या का, पेटी रिकामी झाली का, तेही वाकून बघा. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात जातात. पाकीट सील होतं आणि प्लास्टिकच्या डब्यात जातं. डब्याला गुलाबी कागदी सील. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. कंट्रोल युनिटला लागणाऱ्या हिरव्या कागदी सीलाचा क्रमांक वहीत लिहा. सीलावर सही करायचा हक्क तुम्हाला आहे. हक्काची सही करताना लाजू नका.

दिवसभर बाकावर

दिवस लांब असतो, सोलापूरचा तर फारच. लोकसभेला ७ मे २०२४ ला आपल्याकडे मतदान झालं, तेव्हाचं ऊन आठवा. पत्र्याच्या वर्गखोलीत माणूस सोडा, यंत्रालाही त्रास होतो. व्हीव्हीपॅटमध्ये छपाई नीट झाली का हे बघणारे सेन्सर असतात आणि थेट उजेडाने ते गोंधळतात. मे २०१८ मध्ये पालघर आणि भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुका झाल्या, तेव्हा व्हीव्हीपॅट ठिकठिकाणी बंद पडली होती आणि भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर परत मतदान घ्यावं लागलं. तेव्हा सकाळीच बघून घ्या: मतदान कक्ष पश्चिमेच्या खिडकीसमोर नको आणि यंत्राच्या बरोबर डोक्यावर बल्ब नको.

यंत्र बंद पडलंच तर वेळ लिहा आणि काय बदललं ते लिहा. मतदान चालू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त तेच बदलतात. कंट्रोल किंवा बॅलेट युनिट बिघडलं तर तिन्हींचा संच बदलायचा आणि नव्या संचावर परत अभिरूप मतदान, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला एकेक मत. जुन्या कंट्रोल युनिटमध्ये तोवर पडलेली मतं राहतात आणि मोजणीला ते युनिटही येतं. बदलाआधी जुन्या युनिटची टोटल किती होती? वहीत हे नसलं की मोजणीच्या दिवशी एकाच केंद्राची दोन यंत्रं बघून लोक आरडाओरडा करतात.

आता मतदार बाहेर येऊन म्हणाला, "मी एकाला दाबलं, चिठ्ठी दुसऱ्याचीच आली," तर? त्यासाठी निवडणूक नियमांतला ४९ एमए हा नियम आहे. केंद्राध्यक्ष त्याला आधी समज देतो की तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते. मग त्याच्याकडून लेखी घेतो, १७ ए मध्ये त्याची दुसरी नोंद करतो आणि स्वतःच्या व प्रतिनिधींच्या समोर त्याला एक चाचणी मत टाकायला लावतो. चिठ्ठी चुकीची आली तर त्या यंत्रावर मतदान तिथेच थांबतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लगेच कळवलं जातं. बरोबर आली तर ते चाचणी मत कोणाला पडलं याची नोंद १७ सी मध्ये होते आणि मोजणीत ते वजा होतं. शिक्षेच्या भीतीने खरी तक्रारही दाबली जाते असं अनेकांचं म्हणणं आहे आणि मला त्यात तथ्य वाटतं. ७ सेकंदांत बघितलेल्या चिठ्ठीवर तुरुंगाची जोखीम कोण घेईल? पण नियम आज तरी असाच आहे. म्हणून आपल्या मतदारांना आधीच सांगून ठेवा: बटण दाबलं की लगेच वळू नका, काचेत बघा. बहुतेक जण बीपच्या आवाजालाच चालायला लागतात.

संध्याकाळचा कागद

संध्याकाळी ६ वाजता जे रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे रांगेच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होतं, मग आठ वाजोत की साडेआठ. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला यावरूनच मोठा वाद झाला. ५ वाजता राज्याची टक्केवारी ५८.२२ जाहीर झाली आणि अंतिम आली ६६.०५. ५ वाजताचा आकडा तेव्हा फोनवरून गोळा केलेला होता, केंद्रागणिक. खरा आकडा १७ सी वर असतो. ज्या उमेदवाराकडे आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांच्या १७ सी आहेत तो एका रात्रीत बेरीज करून सांगू शकतो की वाढ खरी की खोटी. अशी बेरीज करणारे किती, ते तुम्हीच शोधा.

हा कागद मतदान संपताना हजर असलेल्या प्रतिनिधीलाच मिळतो. तो देणं केंद्राध्यक्षाला बंधनकारक आहे, पण तुम्ही साडेपाचलाच घरी गेलात तर तो तुमच्या मागे धावत येणार नाही. एक वाक्य घोकून ठेवा: "साहेब, सतरा सीची सही केलेली प्रत द्या."

हातात आल्यावर असा वाचा. भजीवाल्या पोराचाच आकडा घेऊ. १७ ए मध्ये नोंद झालेले मतदार ७३१. त्यातले दोघं सही करून मत न देताच परत गेले, हे नियम ४९ ओ खाली. एक जण मत गुप्त ठेवायला तयार नव्हता, समज देऊनही ऐकलं नाही, म्हणून त्याला मत देऊ दिलं नाही, तो ४९ एम खाली. ७३१ मधून ३ गेले, राहिले ७२८. क्लोज दाबल्यावर यंत्राने दाखवलेली एकूण मतं ७२८. जुळलं. चाचणी मत झालं असेल तर त्याची ओळ वेगळी असते, ती बघा. प्रदत्त मतं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेल्यामुळे कागदी मतपत्रिकेवर दिलेली मतं, त्यांची ओळही वेगळी. ती यंत्रात नसतात, या बेरजेत धरू नका. शेवटी सीलांचे क्रमांक, ते सकाळच्या वहीशी ताडा.

एका वर्षी एका गावात माझ्या शेजारच्या केंद्रावर नोंदवही आणि यंत्र यांच्यात एका मताचा फरक आला. केंद्राध्यक्ष नवखे, घामाघूम. तास-दीड तास शोधाशोध झाली. शेवटी कळलं की नोंदवहीत १८९ नंतर १९१ लिहिलं होतं. एक आकडा गाळला गेला होता, मत नव्हे. यंत्राला दोष देण्याआधी नोंदवहीचे अनुक्रमांक बोट ठेवून वाचा. दहात नऊ वेळा चूक पेनाची असते. मात्र चूक सापडली तरी ती खाडाखोड करून लपवू देऊ नका. केंद्राध्यक्षाच्या डायरीत कारणासह लिहून घ्या आणि १७ सी वर जो आकडा यंत्राने दाखवला तोच असू द्या.

त्यानंतर यंत्रं पेट्यांत जातात, पेट्यांना टॅग आणि लाख. रात्री स्ट्राँगरूमला दोन कुलुपं लागतात, उमेदवारही आपलं सील लावू शकतात, बाहेर कॅमेऱ्याचं चित्र दिसेल अशी बसायची सोय असते. आपल्याकडे रामवाडीच्या गोदामाबाहेर कार्यकर्ते पाळीपाळीने बसतात. पाळीवर बसायला हरकत नाही, शेंगाचटणी-भाकरी घेऊन बसा. पण १५० जण स्ट्राँगरूमबाहेर आणि १७ सी एकाकडेही नाही, हे मी बघितलंय.

मोजणीच्या टेबलावर

एका विधानसभेला साधारण १४ टेबलं. मोजणी प्रतिनिधी जाळीपलीकडे बसतो. कंट्रोल युनिट टेबलावर आलं की आधी क्रमांक, मग सीलाचा क्रमांक, मग एकूण मतं. तिन्ही १७ सी शी जुळवा. त्यानंतरच रिझल्ट दाबू द्या. उमेदवारवार आकडे लिहून घ्या आणि त्यांची बेरीज स्वतः करा. ती एकूण मतांएवढीच आली पाहिजे. फेरीचा तक्ता जाहीर होताना कधी टाईप करणाऱ्याकडून आकडा उलटतो. २१४ चा २४१ होतो. तो पकडायला शेजारी एक कॅल्क्युलेटरवाला बसवा, शक्यतो बँकेतला.

यंत्राने निकाल दाखवलाच नाही, किंवा अभिरूप मतं पुसली नव्हती असं कळलं, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. २०२४ पर्यंतची पद्धत अशी होती: शेवटी अशा सगळ्या केंद्रांची मिळून मतं विजयी फरकापेक्षा कमी असली तर त्यांनी निकाल बदलत नाही, म्हणून तिथल्या चिठ्ठ्या मोजत नसत. फरक तेवढाच किंवा त्याहून कमी असला तर मोजत.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पाच केंद्रं. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडतीने पाच केंद्रं निवडून त्यांच्या चिठ्ठ्या मोजतात. त्याआधी एकच होतं. यंत्रांची शेवटची फेरी झाली की केंद्र क्रमांक लिहिलेली कार्डं डब्यात घालून हलवतात. सगळी कार्डं डब्यात गेली का, हे मोजा. सोडत म्हटलं की लोकांना राहून गेलेलं जेवण आठवतं आणि ते उठून जातात. नेमकं इथेच बसायचं.

चिठ्ठ्या मोजायची जागा तारेच्या जाळीची, बँकेतल्या कॅशिअरच्या केबिनसारखी. आत उमेदवारांच्या नावाचे खण असलेली फळी. पेटीतल्या चिठ्ठ्या एकेक बघून त्या त्या खणात पडतात, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. एका केंद्राला तासभर सहज लागतो. कागद थर्मल, एटीएमच्या पावतीचा भाऊ, त्यामुळे चिठ्ठ्या वळलेल्या असतात, एकमेकींना चिकटतात. गठ्ठ्यात २४ की २६, यावरूनच बहुतेक वेळा फेरमोजणी करावी लागते. आकडा जुळला नाही तर आधी परत मोजून घ्या. तरीही फरक राहिला तर नियम ५६ डी प्रमाणे चिठ्ठीचा आकडा खरा धरायचा, यंत्राचा नाही.

याच नियमात एक दार आहे जे फारसं कोणी ठोठावत नाही. सोडतीत न आलेल्या केंद्राच्या चिठ्ठ्याही मोजा, असा लेखी अर्ज उमेदवाराला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करता येतो. मंजूर करायचा की नाही ते अधिकारी ठरवतो, पण नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. अर्ज निकाल जाहीर व्हायच्या आधीच द्यायचा. "आम्हाला संशय आहे" एवढ्यावर तो टिकणार नाही. "केंद्र क्रमांक अमुक, १७ सी वर ७२८, यंत्रावर ७७८, फरक ५०" असं लिहिलं तर अधिकाऱ्याला ते वाचावंच लागतं.

पाच पुरतात का

मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा मांडला जातो. एका विधानसभेत समजा ३०० केंद्रं आहेत आणि तीन यंत्रं बिघडलेली आहेत. पाचाच्या सोडतीत त्यातलं एक तरी यायची शक्यता जेमतेम ५ टक्के. तीस बिघडलेली असतील तर ४१ टक्के. निम्मी असतील तर ९७. म्हणजे मोठा घोळ सोडतीत बहुधा सापडतो, बारीक घोळ बहुधा निसटतो. सोलापूर लोकसभेत मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर अशी सहा क्षेत्रं, म्हणून सोडत तीसची. तिथे दर दहातलं एक यंत्र बिघडलेलं असेल तर सापडायची शक्यता ९६ टक्क्यांवर जाते.

भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी सुचवलेला नमुना अख्ख्या देशासाठी ४७९ यंत्रांचा होता. देश हा एकच ढीग मानला तर त्यात चूक नाही. पण निकाल देशाचा लागत नाही, मतदारसंघाचा लागतो. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०१७ पासून जी पद्धत घेतली ती मला जास्त पटते: नमुना ठरीव नाही, विजयाचा फरक जेवढा कमी तेवढे जास्त कागद तपासायचे. लाखाच्या फरकाने जिंकलेल्या जागेवर पाच भरपूर झाली. चारशे मतांनी जिंकलेल्या जागेवर ती काहीच सांगत नाहीत. आपल्याकडे सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या त्याच निकालात फेटाळली गेली. मधला मार्ग अजून कोणी धरलेला नाही.

तपासलेल्यांचं काय निघालं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२४ ला राज्यात २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा मतदारसंघांच्या ५५. सगळ्या जुळल्या असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

निकालानंतरचे सात दिवस

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या त्या निकालाने एक नवी वाट दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालापासून ७ दिवसांत लेखी अर्ज केला तर विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के संचांची, म्हणजे कंट्रोल, बॅलेट आणि व्हीव्हीपॅट यांच्यातल्या मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम साठवलेल्या चिपची), कंपनीच्या इंजिनिअरांकडून तपासणी होते. यंत्रं कुठली ते अर्जदार निवडतो, केंद्र क्रमांकाने किंवा यंत्राच्या क्रमांकाने. १७ सी चा ढीग इथे परत कामाला येतो, कारण अंदाजाने निवडलेली यंत्रं म्हणजे पुन्हा सोडतच. २०२४ मध्ये एका संचाला ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४७,२०० भरायचे होते. ३०० केंद्रांचे ५ टक्के म्हणजे १५ संच, खर्च ७ लाख ८ हजार. छेडछाड निघाली तर पैसे परत. सिंबल लोडिंग युनिटही आता निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवतात. निवडणूक याचिकेची मुदतही तेवढीच, ४५ दिवस, उच्च न्यायालयात.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं प्रकरण इथे आठवतं. गावातल्या मतांचा आकडा गावकऱ्यांना पटला नाही म्हणून त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तक्रार करणारे ज्या उमेदवाराचे समर्थक होते तो मतदारसंघात निवडून आला होता. पाच टक्क्यांचा अर्ज फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला करता येतो. जिंकलेल्याला आपल्याच गावचं यंत्र तपासून मागायची सोय त्या आदेशात नाही. त्यांच्यासाठी उघडं दार एकच होतं, मोजणीच्या दिवशी, निकालाआधी, ५६ डी चं. ते बंद झालं तेव्हा गावात बहुधा अजून गुलालच चालू असेल.

महापालिका आणि झेडपीचं वेगळं

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्या यंत्रांना व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या नसतात. म्हणजे पाच केंद्रांची सोडत नाही, ५६ डी नाही. अभिरूप मतदान, सीलांचे क्रमांक आणि संध्याकाळचा हिशेब एवढाच कागद उरतो, त्यामुळे तो दुप्पट काळजीने घ्या. सोलापूर महापालिकेसारख्या बहुसदस्यीय प्रभागात एकच मतदार तीन-चार बटणं दाबतो. अभिरूप मतदानाच्या रेघा जागेप्रमाणे वेगळ्या पानांवर मारा, अ, ब, क, ड. संध्याकाळी एकूण मतांबरोबर जागावार आकडेही मागून लिहून घ्या.

आणि प्रत हातात आली की केंद्राबाहेर शंभर मीटरवर आल्यावर पहिलं काम मोबाईलने तिचा फोटो काढायचं. कार्बनची तिसरी-चौथी प्रत पुसट असते, ट्यूबलाइटखाली दिसलेला ७ सकाळी १ वाटतो. पुसट आकड्यावर केंद्राध्यक्षाकडून तिथल्या तिथे पेनाने गिरवून सही घ्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. भजी नंतर.